रहस्यकथा वाचता वाचता

बचत गटाची बैठक म्हटली की हप्ता, पासबुक आणि कर्जफेड. आमच्या गटात यंदा हिशेब आटोपला की अर्धा तास पुस्तक वाचतो. एकीनं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. आम्ही काही मोठ्या जाणकार नाही, पण जे वाचलं त्याबद्दल आम्हाला काय वाटलं, ते आज सांगतो.

सुरुवात केली बाबुराव अर्नाळकरांपासून. हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या त्यांनी. धनंजय, झुंजार ही नावं आमच्यातल्या वयस्कर बायांना अजून पाठ आहेत. गोष्ट अशी पळते की चुलीवरची भाजी करपली तरी कळू नये. पण आम्ही वाचल्या त्यांत सगळी धावपळ बाप्यांची. बाईनं संकटात सापडायचं, एवढंच तिचं काम. ते काही आम्हाला पटलं नाही.

मग इंग्लंडच्या अगाथा ख्रिस्ती यांच्या पुस्तकाचा मराठी अनुवाद हाती आला. या बाईंनी पहिल्या महायुद्धात दवाखान्याच्या औषध विभागात काम केलं होतं. विषांची माहिती त्यांना तिथे झाली आणि पुढे ती गोष्टींत उतरली. त्यांची मिस मार्पल ही म्हातारी १९३० साली पहिल्यांदा कादंबरीत आली. लहानशा खेड्यात राहते, लोकर विणते, येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघते. पिस्तूल नाही, गाडी नाही. गावातली माणसं आयुष्यभर पाहिलेली, त्या ओळखीवर ती खुनी शोधते. आम्हाला ही फार आवडली. बायांच्या बोलण्याला लोक चहाड्या म्हणतात. पण ही म्हातारी ऐकीव गोष्टीवर थांबत नाही. कोण, कुठे, किती वाजता, हे पडताळून बघते. चहाडी आणि साक्ष यांत फरक आहे तो एवढाच.

एक तक्रार मात्र आहे. या पुस्तकांत शेवटी सगळं कसं नीट उलगडतं. खऱ्या जगण्यात तसं होत नाही. त्यासाठी कविता महाजन यांची ‘ब्र’ वाचा. २००५ सालची कादंबरी. आदिवासी भागातल्या महिला सरपंचांची हकिगत त्यात आहे. तिथे प्रश्न खून कोणी केला हा नाही, बाईचं तोंड कोणी बंद केलं हा आहे. जड आहे, पण थोडी थोडी वाचली की आपलीच वाटते.

हे सगळं का सांगतो? एखादी सून विहिरीत सापडते. “पाय घसरला” म्हणतात आणि तेराव्यापर्यंत विषय संपतो. रहस्यकथेत एकही मरण असं सोडून देत नाहीत. कायदाही सोडत नाही. लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत विवाहितेनं आत्महत्या केली, किंवा तिच्या मरणात कुणाचा हात असल्याचा संशय आला, तर शवविच्छेदन करावं लागतं. तपास पोलिसांनी करायचा. उगाच कुणावर आळ आपण घेऊ नये. पण डोळ्यांनी पाहिलेलं, वार आणि वेळ धरून नीट सांगणं आपल्याला जमतं. तिथे गप्प बसू नये.

तेव्हा मैत्रिणींनो, गावच्या वाचनालयातून एक पुस्तक आणा. वाचता येत नसेल तिनं ऐकावं. फक्त शेवट आधी कुणी फोडायचा नाही!