मुक्या जनावराची ऊब



मुक्या जनावराला आपले दुखणे सांगता येत नाही, असे आपण नेहमी म्हणतो. खरी अडचण याहून मोठी आहे. घोडा आपले दुखणे लपवितो. कळपात राहून हिंस्र श्वापदांपासून जीव वाचविणाऱ्या जातीला लंगडणे परवडत नाही. त्यामुळे पायाच्या शिरेला इजा झाली तरी तो काही दिवस तसाच धावत राहतो. तो लंगडू लागतो तेव्हा पुष्कळदा उशीर झालेला असतो.

परंतु चालीतून जे लपते ते उष्णतेतून उघड होते. जेथे दाह, तेथे रक्ताचा ओघ वाढतो आणि वरची त्वचा तापते. जाणता मोतद्दार रोज सकाळी घोड्याच्या चारही पायांवरून हात फिरवितो तो याचसाठी. हाताला न कळणारा सूक्ष्म फरक आता उष्णताचित्रण करणारा कॅमेरा दाखवितो. तांबड्या रंगापलीकडच्या अदृश्य उष्ण किरणांचा शोध विल्यम हर्शेल यांनी १८०० साली लावला. प्रत्येक सजीव देहातून असे अवरक्त किरण बाहेर पडत असतात. हा कॅमेरा ते टिपून अंगाचा जणू रंगीत नकाशाच काढतो. निरोगी घोड्याचे डावे व उजवे पाय या नकाशात जवळजवळ सारखे दिसतात. एकाच जागी एक अंशाहून अधिक तफावत आढळली, तर पशुवैद्य तेथे शोध घेऊ लागतो.

पांढुर्णा आणि सौंसर या आपल्या भागात घोडा दिसतो तो बहुधा वरातीत. शेताचा भार वाहतो तो बैल. चपळ चालीचा गवळाऊ बैल याच पट्ट्यातला. २०२३ साली छिंदवाड्यातून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. पण जुवाखालच्या मानेचे दुखणे जुनेच आहे. खांदेसूज असो वा खुरातला गळू, उष्णतेचा नियम बैलालाही तोच लागू पडतो.

मात्र या साधनावर आंधळा विश्वास नको. उन्हात उभ्या जनावराची कातडी सूर्यानेच तापते. चिखल, ओलावा, औषधी लेप हेही चित्र बिघडवितात. वैशाखात पारा ४० अंशांपलीकडे गेला की भोवतालची हवाच अंगाहून गरम होते आणि फरक पुसट होतो. म्हणून जनावर स्वच्छ व कोरडे करून, अर्धा तास सावलीत, वारा लागणार नाही असे उभे करावे आणि पहाटेच चित्र घ्यावे. शिवाय चित्र जागा दाखविते, कारण सांगत नाही. हाडासाठी क्ष-किरण आणि शिरांसाठी ध्वनिलहरींची तपासणी लागतेच. कधी एखादी जागा उलट थंड दिसते. रक्तपुरवठा खुंटल्याचे ते चिन्ह असू शकते.

असा कॅमेरा गावोगाव नाही. परंतु त्याच्यामागचा विचार फुकट मिळण्याजोगा आहे. एकाच वेळी, एकाच सावलीत, डावी बाजू उजवीशी ताडून पाहावी. कामाला जुंपण्यापूर्वी रोज एवढे केले आणि एखादी जागा ऊन लागताच जनावराला विश्रांती देऊन पशुवैद्याला बोलाविले, तर पेरणीच्या ऐन दिवसांत बैल बसण्याची आपत्ती पुष्कळ वेळा टळेल. दुखणे सांगण्याची जबाबदारी जनावराची नाही. ते ओळखण्याची जबाबदारी धन्याची आहे.