तक्रार आणि तकरार

(अंबड, नाशिक येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



अंबडच्या एमआयडीसीत शिफ्ट करणारे, शाळेत शिकवणारे, मूल झोपल्यावर वाचायला बसणाऱ्या बहिणी असे सगळे इथं आहेत. मीही सॉफ्टवेअरची नोकरी सांभाळून पीएचडी करतोय.

यूजीसीच्या 2022 च्या नियमांनुसार अर्धवेळ पीएचडी करता येते. नोकरीच्या ठिकाणाहून ना-हरकत प्रमाणपत्र लागतं. मुदत 6 वर्षं, पुनर्नोंदणीनं आणखी 2, स्त्रियांना त्याहून 2 जास्त. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सरकारनं लोकसभेत सांगितलं की मौलाना आझाद फेलोशिप बंद केली. म्हणजे आपल्यातल्या अनेकांना यापुढं कमावत कमावतच संशोधन करावं लागणार.

पूर्णवेळ विद्यार्थ्याला विभाग असतो, सोबती असतात. अडलेला मुद्दा चहा पितापिता सुटतो. आपला मुद्दा मात्र महिनोन् महिने तसाच पडून राहतो. सल्लागार समितीपुढं सत्रातून एकदा उभं राहायचं, तेवढंच. घरचे विचारतात, "अजून किती वर्षं?" मग माणूस गाईडचा फोन टाळू लागतो आणि एक दिवस सोडूनच देतो. अक्कल कमी पडते म्हणून नव्हे, तर बोलायला कुणी नसतं म्हणून.

आपल्या मदरशांत यावर जुनी रीत आहे. धडा झाला की विद्यार्थी एकत्र बसतात. एकजण धडा पुन्हा समजावतो, बाकीचे त्याला मध्येच अडवून विचारतात. याला 'तकरार' म्हणतात. अरबीत याचा अर्थ पुन्हा पुन्हा करणं. मराठीत त्याच शब्दाची 'तक्रार' झाली. माझ्या कामात यालाच कोड रिव्ह्यू म्हणतात. दुसऱ्यानं तपासल्याशिवाय माझा कोड पुढं जात नाही, आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही.

आपणही चार-पाच जणांनी पंधरा दिवसांनी बसू. विषय वेगळे चालतील, धर्म वेगळे असले तर उत्तमच. प्रत्येकानं अर्धं पान लिहून आणायचं. ऐकणाऱ्यानं काय समजलं ते स्वतःच्या शब्दांत सांगायचं. त्याला समजलं नसेल, तर लिहिणाऱ्यानं पुन्हा लिहायचं. काहीच लिहून झालं नसेल तरी यायचं.

एक अट आहे. बैठक रात्री दहाला टपरीवर नको, कारण तिथं आपल्या बहिणी येऊ शकणार नाहीत. रविवारी सकाळी, वाचनालयात बसू. मुलांना सोबत आणलं तरी चालेल.

तक्रारीही तिथं मांडू. चौघांची अडचण एकच निघाली, तर चौघांच्या सह्यांचा अर्ज विद्यापीठाला देता येतो.

जाण्याआधी शेजारी बसलेल्याला त्याचा विषय विचारा. तिथूनच सुरुवात करू.