मुलींची लांब पल्ल्याची शर्यत

(१९८४ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात एका माजी विद्यार्थिनीने केलेले भाषण)



मला शाळेची एक आठवण सांगायला सांगितलंय. मी पळण्याची सांगते.

आपल्या क्रीडास्पर्धेत मुलग्यांना पंधराशे मीटर असायचं. आम्हा मुलींना शंभर, दोनशे आणि मग लिंबू-चमचा! शंभर मीटरला मी शेवटून दुसरी यायची. पण वस्तीवरून शाळेपर्यंतचे तीन किलोमीटर दप्तर सांभाळत पळत यायची, तरी दम लागायचा नाही. नववीत पी.टी.च्या सरांना विचारलं, "सर, पंधराशेला नाव देऊ?" सर म्हणाले, "मुलींना झेपत नाही गं, चक्कर येते."

सरांना दोष देत नाही. जगाचाच तसा समज होता. १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये महिला आठशे मीटर धावल्या आणि ती शर्यत थेट १९६० पर्यंत बंद झाली. आपण नववीत होतो तोवर ऑलिंपिकमध्ये महिलांची सर्वांत लांब शर्यत पंधराशे मीटरचीच होती. मार्च १९८४ ला आपण दहावीची परीक्षा दिली आणि त्याच ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिसला महिला पहिल्यांदा ऑलिंपिक मॅरेथॉन धावल्या. तिथेच पी. टी. उषाचं पदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकलं. तोवर माझं पळणं शाळेच्या फाटकातच राहिलं होतं.

आता दुसऱ्या मुलीची गोष्ट. आपल्याच सातारा जिल्ह्यात, माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर. जन्म १९८९ चा, घर शेतकऱ्याचं, मुलूख दुष्काळी. २०१४ मध्ये तिने मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत सलग तिसऱ्यांदा पहिला नंबर काढला. तिथे थांबली असती तरी नाव झालंच होतं. पण तिने तीन हजार मीटर स्टीपलचेस निवडली. त्यात अठ्ठावीस अडथळे आणि सात वेळा पाण्यावरून उडी. अडथळे अडीच फूट उंच. पाय लागला तर ते पडत नाहीत, धावणारी पडते. टँकरची वाट बघणाऱ्या तालुक्यातल्या मुलीने पाण्याची शर्यत निवडावी, याची मला फार गंमत वाटते.

त्याच वर्षी इंचॉनच्या आशियाई स्पर्धेत कांस्य. २०१५ ला आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत सुवर्ण आणि बीजिंगच्या जागतिक स्पर्धेत आठवी. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये प्राथमिक फेरीत ९ मिनिटं १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम करून तिने अंतिम फेरी गाठली. धावण्याच्या वैयक्तिक शर्यतीत उषानंतर बत्तीस वर्षांनी एक भारतीय महिला तिथे पोहोचली होती. अंतिम शर्यत १५ ऑगस्टला झाली. ती दहावी आली. त्याच वर्षी अर्जुन पुरस्कार मिळाला. तिचा तो विक्रम २०२३ मध्ये पारुल चौधरीने मोडला. मला त्याचं वाईट वाटलं नाही. मागून कुणी येतंय, हीच तर कमाई.

त्या १५ ऑगस्टला टीव्हीसमोर मी उभीच होते. शेवटच्या फेरीला नातीने विचारलं, "आजी, तू का रडतेस?" काय सांगणार?

म्हणून आज एक मागणं आहे. आपल्या तुकडीच्या निधीतून शाळेला कमान बांधायचं ठरतंय. बांधूया, पण थोडी लहान बांधूया. उरलेल्या पैशांतून दरवर्षी मुलींची तीन हजार मीटर शर्यत ठेवूया. पहिल्या पाच जणींना चांगले बूट देऊया, आणि पहाटेच्या सरावाला सोबत म्हणून एका बाईंचं मानधन. घरचे "एकटी कशी जाणार?" म्हणतात, तिथेच मुलीचं पळणं थांबतं. माझंही तिथेच थांबलं.

सर समोर बसलेत. सर, रागावला नाहीत ना? पहिल्या शर्यतीची शिट्टी तुम्हीच वाजवायची. आणि त्या दिवशी मुलींच्या मागून, चालत का होईना, साडेसात फेऱ्या मी पुऱ्या करणार आहे. चक्कर आली तर सांगेन.