धातूची झळाळी

श्रोत्यांपैकीं ज्यांच्या दाराशीं मोटार उभी असेल, त्यांच्या मनांत ती स्वतःच्या हातानें रंगवावी असा विचार केव्हां ना केव्हां आलाच असेल. १९२३ सालीं अमेरिकेंत 'ड्यूको' नांवाचा झटपट वाळणारा रंग निघाला, आणि पूर्वीं ज्या कामाला आठवडे लागत, तें थोड्या दिवसांवर आलें. घरगुती हौसेचा मार्ग तेथूनच मोकळा झाला.

साधा एकरंगी रंग नवशिक्याला पुष्कळ सांभाळून घेतो. धातूसारखा झळाळणारा रंग मात्र त्याची एकही चूक झांकीत नाहीं. या रंगांत ॲल्युमिनियमचे अतिसूक्ष्म पापुद्रे असतात. ते सारखे आडवे निजले तर प्रकाश एकसारखा परततो. कोठें उभे राहिले, कोठें वाहून एकत्र जमले, तर उजळ व काळसर डाग दिसतात. ब्रशानें हे पापुद्रे ओढले जाऊन रेघा उमटतात. म्हणून येथें स्प्रे-गनच हवी. पापुद्रे तळाशीं बसतात, यास्तव रंग वरचेवर ढवळावा. गन पत्र्यापासून १५ ते २० सेंटिमीटर दूर धरावी, प्रत्येक पट्टा आधींच्या पट्ट्यावर अर्धा चढवावा, आणि एका जाड हातापेक्षां तीन पातळ हात द्यावे. वाळलेला हा थर पॉलिश-कागदानें घांसूं नये. घांसल्यास पापुद्रेच फाटतात. ओलसर हवेंत पांढुरकी झांक येते, म्हणून पावसाळा टाळावा.

खरी झळाळी येते ती शेवटच्या पारदर्शक रोगणानें, आणि खरा धोकाही तेथेंच आहे. दोन डब्यांतून मिसळावयाच्या रोगणाच्या कठिणकांत आयसोसायनेट असतें. त्याचा फवारा श्वासांतून गेल्यास कायमचा दमा जडूं शकतो. वासानें वेळीं इशारा मिळेल असा भरंवसा नाहीं, आणि तोंडाला बांधलेला रुमाल निरुपयोगी आहे. कारखान्यांत रंगारी बाहेरून नळीनें आणलेली स्वच्छ हवा घेतो. घराच्या मोटारखान्यांत ही सोय नसते. शेजारीं मुलें मात्र खेळत असतात.

तेव्हां रंगाचे हात घरीं देऊन शेवटचा हात जाणत्या कारखान्याकडे सोंपविणें, यांत कमीपणा नाहीं. डाग पडलेला दरवाजा घांसून पुन्हां रंगवितां येतो. एकदां बिघडलेली छाती मात्र कोणत्याही कागदानें घांसून पूर्ववत् होत नाहीं.