कुत्रं आणण्याआधी घरात बोला

बैठकीत एका ताईंनी विचारलं, "मळ्यातल्या शेळ्यांच्या राखणीला कुत्रं आणू का?" मी म्हटलं, आधी घरात बोला. उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यातून त्याची वाटी कोण भरणार? ऊसतोडीला गेल्यावर भाकरी कोण घालणार? 3 महिन्यांचं झालं की रेबीजची लस, पुढे दरवर्षी. ती कोण टोचून आणणार? सगळं तुमच्याच अंगावर पडणार असेल, तर थांबा. ताईंच्या सासूबाई म्हणाल्या, "भाकरी मी घालीन." लसीचं मालकांनी कबूल केलं. मग पिल्लू आलं.

आणि कुणालाही कुत्रं चावलं, तर हळद-चुना भरू नका. साबण आणि वाहत्या पाण्याने जखम 15 मिनिटं धुवा, लगेच सरकारी दवाखाना गाठा, सगळे डोस पुरे करा. रेबीज झाल्यावर माणूस हाती लागत नाही.