अलिबागची वेधशाळा आणि अंतराळांतील यंत्रदूत

'यंत्रमानव' हा शब्द कानीं पडतांच आपल्या डोळ्यांसमोर हातपाय असलेला, माणसाप्रमाणें चालणारा लोखंडी पुतळा उभा राहतो. 'रोबॉट' हा शब्द कारेल चापेक या चेक नाटककाराच्या १९२० सालच्या नाटकांतून जगभर पसरला, आणि ज्या चेक शब्दापासून तो निघाला त्याचा अर्थ आहे वेठ. जेथें माणसास जातां येत नाहीं तेथें त्याची वेठ बिनतक्रार करणारा, एवढाच अर्थ घेतला, तर अंतराळांतील बहुतेक यंत्रमानवांस हातही नाहींत आणि पायही नाहींत. पाहणें, मोजणें आणि कळविणें हें त्यांचें काम. या यंत्रदूतांविषयीं मी आज बोलणार आहें. परंतु गोष्टीचा आरंभ अंतराळांत होत नाहीं, अलिबागच्या किनाऱ्यावर होतो.

अलिबागेस जाणारे प्रवासी कुलाब्याचा किल्ला पाहून परततात. तेथील भूचुंबकीय वेधशाळेकडे क्वचितच कोणाचें लक्ष जातें. पृथ्वी हा एक प्रचंड चुंबक आहे, आणि त्याचें बळ क्षणोक्षणीं किंचित् कमीजास्त होत असतें, हें आपण शाळेंत शिकलेलों असतों. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेंत या बळाचे वेध १८४१ पासून घेतले जाऊं लागले. १८५९ च्या सप्टेंबरच्या आरंभीं सूर्यावर मोठा स्फोट होऊन पृथ्वीवर चुंबकीय वादळ आलें. युरोपअमेरिकेंतील तारायंत्रें त्यानें विस्कळित केलीं. त्या वेळीं कुलाब्यास निरीक्षकांनीं डोळ्यांनीं वाचून जे आंकडे टिपले, त्यांवरून तेथील क्षितिजसमांतर बळ सुमारें १६०० नॅनोटेस्लांनीं, म्हणजे शेंकडा चारांच्या आसपास, घटल्याचें दिसतें. दीडशें वर्षांनंतरही शास्त्रज्ञ त्या वादळाचें मोजमाप करतांना या टिपणांचा आधार घेतात.

पुढें मुंबईंत विजेच्या ट्रामगाड्या येणार असें ठरलें. विजेचा प्रवाह वाहूं लागला कीं त्याच्याभोंवतीं चुंबकत्व उत्पन्न होतें. मग सूर्यानें पृथ्वीचा चुंबक हालविला कीं ट्रामनें, हें ओळखावें कसें? त्या वेळीं कुलाबा वेधशाळेचे संचालक नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस हे होते. त्या पदावर आलेले ते पहिले भारतीय. मुंबईपासून सुमारें तीस किलोमीटरवरील अलिबाग हें ठिकाण निवडण्यांत आलें, व लोखंडाचा संपर्क टाळून, चुंबकाचा गुण नसलेल्या दगडानें तेथें इमारत उभी राहिली. १९०४ ते १९०६ अशीं दोन वर्षें दोन्ही ठिकाणीं एकाच वेळीं वेध घेतले गेले. दोहोंतील फरक नेमका कळल्यावरच कुलाब्याचें काम थांबलें. १९०७ सालीं ट्राम धांवूं लागली, आणि वेधांची परंपरा मात्र अखंड राहिली.

अशा वेधशाळेंत माणसाचा वावरही बेतानेंच असावा लागतो, कारण खिशांतील एक किल्लीसुद्धां वेध बिघडवूं शकते. त्यासाठीं टांगलेल्या चुंबकास एक लहान आरसा जोडीत. आरशावरून परतलेला प्रकाशकिरण घड्याळाच्या गतीनें फिरणाऱ्या छायाचित्रणाच्या कागदावर आपोआप रेषा काढी. माणूस जवळ नसतांना माणसासाठीं पाहणारें हें यंत्र अंतराळांतील यंत्रदूतांचें पूर्वजच म्हणावयास हरकत नाहीं.

आतां त्या वंशजाकडे वळूं. २ सप्टेंबर २०२३ रोजीं श्रीहरिकोट्याहून निघालेलें आपलें 'आदित्य-एल१' हें यान ६ जानेवारी २०२४ रोजीं पृथ्वीपासून पंधरा लक्ष किलोमीटरवर, सूर्याच्या दिशेस असलेल्या आपल्या नेमल्या कक्षेंत पोंचलें. त्यावरील सात उपकरणांपैकीं एक चुंबकमापक आहे. येथेंही अडचण तीच, जुनी! यानांत वीज खेळत असते. म्हणजे यान स्वतःच एक ट्रामगाडी झालें. म्हणून चुंबकमापक सहा मीटर लांबीच्या दांड्यावर बसविला आहे. एक संवेदक दांड्याच्या टोंकाशीं, दुसरा मध्यावर, यानापासून तीन मीटरवर. दोहोंच्या आंकड्यांतील फरकावरून यानाचा स्वतःचा उपद्रव किती, हें काढून तो वजा करतां येतो. कुलाबा आणि अलिबाग हीं दोन ठाणीं जणूं एकाच काठीवर आणून बसविलीं आहेत.

या खटाटोपाचा उपयोग काय, असें कोणी विचारील. १३ मार्च १९८९ रोजीं अशाच वादळानें कॅनडांतील क्वेबेक प्रांताची वीज गेली व सुमारें साठ लक्ष लोक नऊ तास अंधारांत राहिले. सूर्याकडून येणारा कणांचा नेहमीचा वारा यानापासून पृथ्वीपर्यंत येण्यास सुमारें एक तास घेतो. वादळी वारा त्याहून लवकर येतो. यानाचा बिनतारी संदेश मात्र पांच सेकंदांत येतो. हा जो अवधि मिळतो, तेवढ्यांतच वीजकेंद्रांनीं व उपग्रह चालविणाऱ्यांनीं सावध व्हावयाचें असतें. मे २०२४ मधील मोठें वादळ जातांना 'आदित्य' नें टिपलें; त्या रात्रीं लडाखमधील हानले येथें आकाश तांबूस झालेलें दिसलें.

तर मग माणसाचें काम संपलें काय? मला तसें वाटत नाहीं. वादळ वाटेवर आहे हें यंत्रदूत सांगूं शकतो. तें जमिनीवर किती पोंचलें हें जमिनीवरच मोजावें लागतें, आणि १८५९ च्या मानानें तें लहान कीं मोठें हें सांगावयास जुन्या वेधांशीं नातें जुळलेलें असावें लागतें. तें नातें अलिबागेनें जपलें आहे. रायगड जिल्ह्यांतच, नव्या पनवेलीस, भारतीय भूचुंबकत्व संस्थेचें मुख्य ठिकाण आहे. यंत्र आपण होऊन स्वतःविषयीं शंका घेत नाहीं. आपलाच गोंगाट वेधांत मिसळला नाहीं ना, ही शंका माणसानें घ्यावयाची असते. ट्राम येण्यापूर्वीं दोन वर्षें धीरानें दोन्हीकडे मोजीत राहणाऱ्यांनीं ती घेतली होती.

शहरें वाढतात, आणि वेधशाळेच्या मागोमाग येतात. उद्यां अलिबागेस कोणी विचारलें, कीं याने अंतराळांत फिरत असतां ही शांत जागा मोकळी कशाला ठेवावयाची, तर श्रोतेहो, त्यास एवढेंच सांगावें: त्या दूतांचें बोलणें खरें कीं खोटें हें पारखण्यासाठीं ती हवी आहे.