स्वागताध्यक्षांचे भाषण : वऱ्हाडचा बाजार आणि अर्थशास्त्राचा वर्ग

 1897 साली अमरावतीत काँग्रेसचे अधिवेशन भरले तेव्हा शंकरन नायर अध्यक्ष आणि आमचे दादासाहेब खापर्डे स्वागताध्यक्ष होते. त्या अधिवेशनाचा अभिमान गाव अजून मिरवते. पण त्याच वर्षीचा वऱ्हाडचा कापूस व धान्य बाजार कायदा कोणाला आठवत नाही. देशातला पहिला नियंत्रित बाजार 1886 साली कारंज्यात सुरू झाला आणि या कायद्याने त्या व्यवस्थेला पक्का आधार दिला. देशभरच्या बाजार समित्यांचे मूळ आमच्या काळ्या मातीत आहे. यजमानाला एवढी बढाई माफ असावी.

अर्थशास्त्राच्या अध्यापनावरील या परिषदेशी बाजाराचा संबंध ओढूनताणून आणल्यासारखा वाटेल, पण मुद्दा तिथेच आहे. लोकहितवादींच्या 1849 च्या ‘लक्ष्मीज्ञान’पासून मराठीत अर्थशास्त्र काय शिकवावे यावर बराच खल झाला, शिकवलेले कितपत उमगले, हा प्रश्न मागे राहिला. अमेरिकेत त्यासाठी 1969 पासून स्वतंत्र संशोधनपत्रिका निघते, चाचण्यांनी आकलन मोजले जाते. ती रीत घ्यावी, प्रश्न मात्र आपले असावेत. मागणी-पुरवठ्याचा आलेख बिनचूक काढणाऱ्या मुलाला हर्रासातला भाव, अडत, वजनातला कडता आणि मापाई वजा जाता शेतकऱ्याच्या हाती काय उरते, ते सांगता येते का? 1897 च्या व्यवस्थेत मापाला शिस्त आली, तरी समितीवर वरचष्मा व्यापाऱ्यांचाच राहिला, तो का? कोणी म्हणेल, अशाने विद्यार्थी गावापुरता उरेल. पण 1861 ते 1865 च्या यादवी युद्धात अमेरिकेचा कापूस अडला, म्हणून तर लँकेशायरची नजर वऱ्हाडाकडे वळली. इथला भाव समजून घ्यायचा तर जग टाळताच येत नाही. गणित मागे पडेल, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. त्याचे उत्तर मतांनी न देता दोन वर्गांना दोन रीतींनी शिकवून, वर्षभराने तपासून द्यावे. पुढच्या संशोधनाचे काम हेच.

आता व्यवस्थेविषयी. निवास दोन ठिकाणी विभागला आहे, परिषद भरली आहे त्या राजापेठेत गाड्या लावायला जागा अपुरी आहे, ध्वनिक्षेपकाचाही पुरता भरवसा नाही. जेवणाची पंगत लांबली तर स्वयंसेवकांना बोल लावू नये, दोष आमच्या समितीचा. जिनिंगवाले, डाळमिलवाले, अडते, कापड दुकानदार आणि निवृत्त शिक्षक यांनी सढळ हाताने मदत केली; नाव न घेण्याची अट घालून देणाऱ्यांचेही ऋण मोठे आहे. भांडी, सतरंज्या, खोल्या देणारे शेजारी, मंडपवाले, आचारी, सफाई कर्मचारी या सर्वांचे आभार. उद्या सकाळी बाजार समितीत हर्रास पाहायला येणाऱ्यांसाठी गाडी ठेवली आहे. नावे नोंदणीच्या टेबलावर द्यावीत.